वरचा थर जुना, खालचा नवा : कोकणातील एका खाडीच्या गाळाचे प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका खाडीतून काढलेला साडेचार मीटर लांबीचा गाळाचा कोअर (म्हणजे नळी दाबून काढलेला थरांचा सलग नमुना) आणि त्यावर लिहिलेला, पण प्रसिद्ध होण्याआधीच मागे घेतलेला एक शोधनिबंध हा या प्रकरणाचा विषय आहे. संशोधनपद्धती शिकवताना चर्चेला घेता यावे म्हणून हे प्रकरण रचले आहे. त्यातील संशोधिका, त्यांची खाडी आणि कोअरचे आकडे कल्पित आहेत. मात्र ज्या पद्धती, संस्था आणि पूर्वीचे अभ्यास येथे येतात ते, तसेच कोकणचा भूगोल आणि खारजमिनीचा इतिहास, हे सारे प्रत्यक्षातले आहे. प्रकरण वाचताना प्रश्न एकच ठेवावा : गाळात दिसणारा बदल पावसाने घडवला की माणसाने, हे ठरवायचे कशावरून?

कारकीर्द आणि तिची निवड

संशोधिका मूळच्या राजापूर तालुक्यातल्या. वनस्पतिशास्त्राची पदवी रत्नागिरीत, पदव्युत्तर शिक्षण पुण्यात आणि त्यानंतर परागकणांच्या अभ्यासावर पीएच.डी. असा त्यांचा सरळ मार्ग होता. परागकणांवरून जुन्या काळातील वनस्पती ओळखण्याची विद्या नवी नाही. स्वीडनच्या लेनार्ट फोन पोस्ट यांनी १९१६ साली पीटच्या, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, थरांमधील परागकण मोजून, प्रत्येक थरात कोणत्या झाडाचा वाटा किती टक्के होता हे मांडून दाखवले, तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली. परागकणाचे बाहेरचे कवच इतके चिवट असते की गाळात हवा पोचत नसेल तर ते हजारो काय, कोट्यवधी वर्षे टिकते. आपल्याकडे प्रा. बिरबल साहनी यांच्या पुढाकाराने १९४६ साली लखनौला उभी राहिलेली आणि आज त्यांच्याच नावाने चालणारी संस्था ही या विषयाची मोठी शाळा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही पश्चिम किनाऱ्यावरील कांदळवनांच्या गाळावर बरेच काम झाले आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या आणि आज गोव्यात दोना पावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने समुद्रतळातील गाळ आणि त्यातील फोरामिनिफेरा या सूक्ष्म कवचधारी जीवांवरून पूर्वीच्या मोसमी पावसाचा माग काढला आहे. संशोधिकांना आपले काम या दोन प्रवाहांच्या मधल्या पट्टीत, म्हणजे ना डोंगरावर ना खोल समुद्रात तर खाडीत करायचे होते.

ही निवड हौसेची नव्हती. कोकणात वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो, त्यामुळे मोसमी पावसाच्या इतिहासासाठी याहून योग्य प्रदेश नाही असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पावसाच्या नोंदी जपून ठेवण्याच्या बाबतीत हा प्रदेश फार कंजूष आहे. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या असल्याने गाळ वाटेत थांबत नाही. नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीतच. बेसॉल्टच्या मुलखात चुनखडीच्या गुहा कोठून असणार, म्हणून मेघालयासारखे गुहेतील लवणस्तंभ वाचण्याची सोय नाही. सड्यावर, म्हणजे उंचावरच्या सपाट माळावर, जांभा, आणि जांभ्यावरची आम्लधर्मी, हवा खेळती असलेली माती हाडेही खाते आणि परागकणही. जांभ्याखाली विहिरी खणताना काही ठिकाणी लिग्नाइटचे तुकडे असलेली काळी चिकणमाती लागते आणि तिच्यात परागकण उत्तम टिकलेले असतात, पण ती मायोसीन काळातली, म्हणजे सुमारे पन्नास लाख ते सव्वादोन कोटी वर्षांपूर्वीची आहे. गेल्या दहा हजार वर्षांविषयी विचारायचे असेल तर किनाऱ्यावरचा करळ (वाळू आणि शिंपले घट्ट होऊन झालेला दगड), वाळूचे जुने बांध आणि खाडीचा चिखल एवढेच उरते. त्यातही परागकणांसाठी चिखलच कामाचा.

खाडीच्या चिखलाचा आणखी एक गुण आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती आणि कोकणचा किनारा आजच्या किनाऱ्यापासून पुष्कळ दूर पश्चिमेला होता. मग बर्फ वितळत गेला, समुद्र चढत गेला आणि साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळ येऊन स्थिरावला. मुंबईत १८८० साली खुल्या झालेल्या प्रिन्सेस डॉकच्या खोदाईत चिखलाखाली मुख्यतः खैराच्या झाडांची उभी खोडे शेकड्यांनी सापडली होती. जमीन आणि समुद्र यांच्या पातळ्या या किनाऱ्यावर कशा बदलल्या याचा तो फार जुना आणि अजूनही वाचनीय पुरावा आहे. समुद्र स्थिरावला तेव्हा खाड्यांची मुखे गाळाने भरू लागली, त्या गाळावर कांदळ, तिवर, चिप्पी यांची वने उभी राहिली आणि त्यांचे परागकण थराथराने साचत गेले. पाऊस भरपूर असेल तर नदी गोडे पाणी आणि गाळ अधिक आणते, कांदळवन पसरते. पाऊस घटला तर ते आक्रसते आणि गवताचे परागकण वाढतात. संशोधिकांच्या पहिल्या दहा-बारा वर्षांच्या कामाचा पाया हा एवढाच होता.

कोअर आणि त्यातून निघालेली गोष्ट

कोअर ज्या जागेतून घेतला ती जागा त्यांनी मुद्दाम निवडली होती. खाडीच्या उत्तर काठावर तिवराची दाट राई होती, जवळ घरे नव्हती, मिठागर नव्हते, कोळंबीचे तळे नव्हते. वनविभागाची परवानगी घेऊन, भांगाच्या (कमी भरतीच्या) दिवसांत ओहोटीची वेळ साधून, हाताने दाबायच्या अर्धगोल नळीने अर्धा-अर्धा मीटर असा गाळ वर काढला गेला. तळाशी कुजलेल्या जांभ्याला नळी टेकली तेव्हा साडेचार मीटर झाले होते.

प्रयोगशाळेत दर दहा सेंटिमीटरवरचा नमुना घेऊन त्यातील चुना, सिलिका आणि कुजके सेंद्रिय द्रव्य एकापाठोपाठ एक अशा आम्लांनी विरघळवून परागकण वेगळे केले. प्रत्येक नमुन्यात लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची, संख्या ठाऊक असलेली गोळी घातली जाते. मोजणीत परके बीजाणू किती आले यावरून मूळ परागकणांची घनता काढता येते. तळापासून सुमारे १.६ मीटर खोलीपर्यंत कांदळ आणि चिप्पी यांचे परागकण विपुल होते. १.६ मीटरच्या वर ते एकाएकी घसरले आणि १.३ मीटरपर्यंत गवतांचे राज्य होते. त्याच्या वर पुन्हा कांदळवन, मग सर्वांत वरच्या चाळीस सेंटिमीटरमध्ये मुख्यतः तिवर. १.२ मीटरच्या आसपास जांभ्याचे बोटभर लांबीचे तुकडे मिळाले होते. क्षेत्रवहीत त्यापुढे 'मोठा पूर?' असे लिहिलेले आहे.

कार्बन कालमापनासाठी पाच नमुने पाठवले. त्यांचे निकाल, दुरुस्त्या करून आणि पूर्णांकांत, असे आले : ०.९ मीटरवरील लाकूड ३,७०० वर्षे, १.७ मीटरवरील तिसरी या खाडीतल्या जीवाचा शिंपला २,६०० वर्षे, २.२ मीटरवरील लाकूड ४,६०० वर्षे, ३ मीटरवरील लाकूड ५,९०० वर्षे आणि ४.१ मीटरवरील पाने ७,४०० वर्षे. खालचे तीन आकडे क्रमाने होते. वरच्या दोघांची मात्र अदलाबदल झाली होती : वरचे लाकूड जुने आणि त्याच्या ऐंशी सेंटिमीटर खालचा शिंपला नवा.

येथे कोणत्याही अनुभवी अभ्यासकाचा हात आपोआप शिंपल्याकडे जातो. खाडीच्या चिखलात कुर्ल्यांची बिळे खोलवर असतात, त्यांतून वरची वस्तू खाली घरंगळते. शिवाय तिसरी स्वतः चिखलात रुतून जगणारी. तेव्हा शिंपला बाद. तो बाद केला की उरलेले चार आकडे एका सुबक रेषेवर बसत होते, आणि ती रेषा धरून १.६ मीटरची खोली, जेथे कांदळवन कोसळते ती, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीची ठरत होती.

४,२०० हा आकडा या विषयात भारलेला आहे. त्या सुमारास आशिया आणि आफ्रिकेच्या मोठ्या भागांत पाऊस दीर्घकाळ घटल्याच्या खुणा मिळाल्या आहेत, आणि २०१८ साली भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने होलोसीन काळाचा, म्हणजे हिमयुगानंतरच्या आजपर्यंतच्या काळाचा, शेवटचा विभाग तेथूनच मोजायचे ठरवले. त्या विभागाचे नाव 'मेघालयन', कारण प्रमाण मानलेला लवणस्तंभ मेघालयातील मॉम्लुह गुहेतला आहे. कोकणच्या दक्षिणेला कारवारजवळच्या समुद्रतळातील गाळावरून सुमारे ३,५०० वर्षांपासून हवामानातील दमटपणा घटल्याचा निष्कर्ष १९९४ सालीच प्रसिद्ध झाला होता, पण खुद्द कोकणच्या खाडीतून ४,२०० वर्षांपूर्वीच्या अवर्षणाचा असा धडधडीत पुरावा म्हणजे मोठीच गोष्ट होती. निबंध लिहून झाला, चांगल्या नियतकालिकाकडे गेला, आणि दोन समीक्षकांपैकी एकाने तो जवळजवळ तसाच स्वीकारावा असे कळवले.

शिंपल्याचा प्रश्न

दुसऱ्या समीक्षकाने मोजक्या ओळी लिहिल्या. शिंपला बाद करण्याचे कारण 'बिळातून घरंगळला असावा' एवढेच दिले आहे. त्याऐवजी वरचे लाकूड बाद का नाही? आणि १.३ ते १.६ मीटर या निर्णायक थरातील एकही वस्तू कालमापनाला का पाठवली नाही?

या आक्षेपाचा विचार करताना कार्बन कालमापनातील चुका कोणत्या दिशेने होतात हे नीट पाहावे लागते, आणि माझ्या मते या प्रकरणात शिकवण्यासारखा सर्वांत मोठा भाग हाच आहे. विलर्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत घडवली आणि त्यासाठी त्यांना १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचे अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षे. जीव मेल्यावर त्याच्यातील कार्बन-१४ घटत जातो, किती उरला यावरून वय काढायचे. समुद्रातील जीव मात्र हवेतला ताजा कार्बन घेत नाहीत, पाण्यात आधीच काही शतके मुरलेला कार्बन घेतात, म्हणून जिवंत शिंपलासुद्धा सरासरी चारशे वर्षांचा जुना 'दिसतो' आणि तेवढे वय वजा करावे लागते. म्हणजे शिंपल्यातली ही नेहमीची चूक वय वाढवणारी आहे. येथे तर शिंपला अपेक्षेपेक्षा तरुण दिसत होता. दुरुस्ती केलीच नाही तरीही तो वरच्या लाकडापेक्षा तरुणच राहत होता. तेव्हा 'शिंपल्यांची वये विश्वासाची नसतात' या सर्वसाधारण म्हणीवर येथे भागणार नव्हते.

उलट लाकडाचे काय? लाकूड जुने दिसायला फारशी कारणे लागत नाहीत. ते जुन्या थरातून उकरले जाऊन नव्या थरात येऊन पडू शकते, आणि त्याच्या वयाला काहीच होत नाही, कारण कालमापन झाड कधी मेले ते सांगते, ते तेथे कधी पुरले गेले ते नव्हे. बिळातून वस्तू खाली जाणे जितके शक्य, तितकेच खालची वस्तू कोणत्या तरी बळाने वर येणे शक्य. फरक एवढाच, की पहिल्या शक्यतेने निबंध उभा राहत होता आणि दुसरीने तो पडत होता.

सहलेखकांपैकी ज्येष्ठांचे मत असे पडले की, वयांची संगणकीय प्रारूपे वापरावीत. २०११ पासून वापरात असलेल्या 'बेकन' यासारख्या प्रारूपांत बेशिस्त आकड्याला आपोआप कमी वजन मिळते, मग कोणता आकडा बाद केला याचा वादच राहत नाही. हा सल्ला अप्रामाणिक नव्हता, पण अपुरा होता. प्रारूप आकड्यांचे एकमेकांशी जुळणे पाहते. लाकूड त्या जागी कसे आले हे त्याला विचारता येत नाही. चार विरुद्ध एक अशी गणती झाली की तेही शिंपल्यालाच बाजूला काढणार.

संशोधिकांनी नियतकालिकाकडे मुदत मागितली आणि त्या पुन्हा खाडीवर गेल्या, दुसरा कोअर पहिल्याच्या शेजारी घेण्यासाठी.

बांध

त्या दिवशी नळी दाबायला मदत करणाऱ्या मुलांबरोबर पलीकडच्या वाडीतले एक वृद्ध शेतकरीही आले होते. काम चालू असताना ते बराच वेळ गप्प उभे होते, मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही ज्यावर उभ्या आहात ना, तो आतला बांध."

"बांध? आजोबा, इथे तर सगळी तिवरंच आहेत."

"तिवरं काय, उघाडी मोडली की दहा-पंधरा वर्षांत उभी राहतात. बाहेरचा बांध फुटला तेव्हा माझ्या आज्याने चार घरांची माणसं घेऊन हा आत घातला. त्याच्या आधी इथे शेतच होतं. खाऱ्यातला राता भात पिकायचा."

मग त्यांनी राईतून वाट काढत एका जागी नेऊन दाखवले. चिखलातून जांभ्याच्या चिऱ्यांची एक ओळ हातभर वर आलेली होती, भरतीच्या लाटा झेलणाऱ्या बाजूला बसवलेली, आणि तिच्या शेवटी दोन उभे दगड, ज्यांच्या खाचांत कधीकाळी उघाडीची फळी सरकत असे. ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला खारे पाणी अडवायचे, एवढेच त्या दाराचे काम. ओळ थेट कोअरच्या जागेकडे जात होती.

खाडीकाठची जमीन बांध घालून समुद्रापासून सोडवून घेण्याची रीत कोकणात आणि गोव्यात फार जुनी आहे. हे बांध खोत आणि गावकरी यांच्या श्रमावर टिकत असत. १९४८ साली मुंबई प्रांतात खारजमिनींसाठी कायदा झाला आणि १९७९ साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला, त्यानंतर सरकारी यंत्रणा यात अधिक उतरली. बांध बाहेरून फुटला आणि तो पुन्हा धरणे आवाक्याबाहेरचे असले की लोक काही जमीन सोडून देतात आणि आत, आपल्याच शेतात, नवा बांध घालतात. माती शेजारीच खणतात. माणूस उभा राहील एवढा खंदक पडतो, त्यातला निळसर चिखल पेंढा आणि दगड घालून रचला जातो. एकदा ही कृती समजली की कोअरमधला प्रत्येक विचित्रपणा आपली जागा घेतो. १.३ ते १.६ मीटर हे शेत. त्यावर ०.४ ते १.३ मीटर हे बांधाचे खचलेले अंग, शेजारच्या खंदकातून उपसून आणलेला चिखल, ज्यात आपसूकच तीन-चार हजार वर्षांपूर्वीची कांदळवनाची लाकडे आणि परागकण आले. 'मोठा पूर?' म्हणून नोंदलेले जांभ्याचे तुकडे हे बांधातले दगड. सर्वांत वरचे चाळीस सेंटिमीटर हा बांध मोडल्यावर साचलेला गाळ, आणि ज्या राईला मानवी हस्तक्षेपापासून मुक्त म्हणून निवडले ती राई त्या गाळावर अलीकडे वाढलेली.

अर्थात आजोबांची आठवण हा पुरावा नव्हे, तर पुरावा कोठे शोधावा याची दिशा होती, आणि संशोधिकांनी ती तशीच घेतली. भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गावनकाशाची प्रत मिळवली. त्यात खाडीच्या बाजूला दोन समांतर रेषा आणि त्यांच्यामध्ये 'खार' असा शेरा होता. १.४५ मीटरवरून भाताचे करपलेले तूस वेचून ते कालमापनाला पाठवले. निकाल आला तो 'गेल्या तीनशे-साडेतीनशे वर्षांतील केव्हाही' असा. साधारण १६५० ते १९५० या काळात वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण इतके वरखाली झाले आहे की त्या अवधीतली वये एकमेकांत मिसळतात. ४,२०० वर्षांचा दावा निकालात काढायला एवढेही पुरेसे होते, पण बांध केव्हाचा हे त्यातून कळत नव्हते.

ते कळले मोजणीच्या जुन्या तक्त्यांतून. परागकण मोजताना जे ओळखता येत नाहीत त्यांचा एक वेगळा रकाना असतो, आणि बाजूला पेन्सिलीने त्यांचे लहान चित्र काढण्याची संशोधिकांची सवय होती. १.४ आणि १.५ मीटरच्या तक्त्यांत त्या रकान्यात एकसारखी चित्रे होती : गोलसर त्रिकोणी कण, तीन कोपऱ्यांना तीन छिद्रे, छिद्राभोवती किंचित उचललेली कड. काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्यावर तो कण सुरूचा निघाला. सुरू हे झाड मूळचे ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियातले, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर त्याची लागवड एकोणिसाव्या शतकात झाली. त्याचे परागकण वाऱ्यावर मैलोन् मैल जातात, त्यामुळे किनाऱ्यावरच्या गाळात ते दिसू लागणे ही जवळजवळ तारीखच असते. ज्या थराला निबंधात चार हजार वर्षांपूर्वीचा म्हटले होते त्यात सुरू होता. पहिल्या मोजणीत तो ओळखला गेला नाही याचे कारण अज्ञान नव्हे. हा कण संशोधिकांनी शेकडो वेळा पाहिलेला होता. त्या खोलीवर तो असणे शक्य नाही असे आधीच ठरले होते, म्हणून तो 'अनोळखी' ठरला.

शेवटी वरच्या चाळीस सेंटिमीटरवर शिसे-२१० या किरणोत्सारी शिशाची मोजणी झाली. त्याचे अर्धायुष्य सुमारे बावीस वर्षे असल्याने ते गेल्या शे-सव्वाशे वर्षांपुरतेच कामाचे असते. येथे ते वरून खाली नियमित घटत गेले आणि चाळीस सेंटिमीटरला, जेथे बांधाचे अंग सुरू होते, तेथे एकदम संपले. बाद केलेला शिंपला आता आपल्या जागी निर्दोष होता : शेताखालच्या मूळ खाडीतळाचा, २,६०० वर्षांचा.

निर्णय आणि त्याची किंमत

तीन पर्याय समोर होते. वरचा भाग गाळून खालच्या तीन मीटरवर निबंध दुरुस्त करावा. मूळ निष्कर्ष 'संभाव्य' करून ठेवावा. किंवा निबंध मागे घ्यावा. ज्येष्ठ सहलेखकांचा कल पहिल्याकडे होता आणि त्याला व्यावहारिक आधार होता, कारण निबंध अद्याप प्रसिद्ध झालेला नव्हता आणि दुरुस्ती हा समीक्षेचा नेहमीचाच भाग असतो. संशोधिकांनी तिसरा पर्याय घेतला. त्यांचे म्हणणे असे होते की, शीर्षकापासून अखेरपर्यंत ४,२०० वर्षांपूर्वीच्या अवर्षणासाठी लिहिलेला निबंध त्या अवर्षणावाचून उभा करणे ही दुरुस्ती नव्हे, तो दुसराच निबंध आहे आणि त्याची समीक्षाही नव्याने व्हावी. मला हा निर्णय योग्य वाटतो, पण पहिला पर्याय घेणाऱ्याला दोष देता येईल असे वाटत नाही.

किंमत मोजावी लागलीच. प्रकल्पाची मुदत संपत आली होती, अहवालात 'प्रसिद्ध निबंध' या रकान्यात एक आकडा कमी झाला आणि पदोन्नतीचा प्रस्ताव पुढल्या फेरीवर गेला. आपल्याकडील मूल्यमापनाच्या पद्धतीत मागे घेतलेल्या निबंधाला रकाना नाही, आणि कालमापनाच्या दहा आकड्यांऐवजी पाचच परवडतात म्हणून निर्णायक थर मोजायचा राहतो, याची नोंद घेणाराही रकाना नाही. परदेशी प्रयोगशाळेत एकेका नमुन्याला लागणारा खर्च पाहता, कमी आकड्यांवर मोठी गोष्ट उभी करण्याचा मोह हा केवळ व्यक्तीचा दोष मानणे सोयीचे असले तरी खरे नाही.

त्यानंतरच्या कामाची दिशा मात्र स्पष्टपणे बदलली. नव्या खाडीत नळी टेकवण्यापूर्वी आता त्या गावनकाशा, जुनी स्थलवर्णनपत्रे आणि फेरफाराच्या नोंदी पाहतात. बांध, मिठागर, जेट्टी आणि गाळ उपसलेले प्रवाह नकाशावर मांडतात. आणि वाडीतल्या वयस्क माणसांशी बोलणे हे परवानगीपुरते न ठेवता क्षेत्रवहीचा भाग करतात. पूर्वीच्या तीन कोअरचे निष्कर्षही त्यांनी याच कसोटीवर पुन्हा तपासायला घेतले. त्यांपैकी एकात भाताच्या पानांतील पंख्याच्या आकाराचे सिलिकाकण वरच्या मीटरभरात सापडले आणि तेथील 'कोरडा काळ' आता प्रश्नांकित आहे. उरलेल्या दोनांत तसे काही मिळाले नाही. कारवारच्या समुद्रतळावरील निष्कर्षाला या साऱ्याने धक्का लागत नाही, कारण तो गाळ खाडीत नव्हे तर उघड्या समुद्रात साचलेला आहे आणि तेथे कोणी बांध घातलेला नाही. कोकणातील खाड्यांच्या बाबतीत मात्र कांदळवनाची घट पाऊस घटल्याने, समुद्राची पातळी हलल्याने आणि बांध घातल्याने अशी तिन्ही कारणांनी होऊ शकते आणि परागकणांच्या आलेखात ती तिन्ही सारखीच दिसतात, ही अडचण पुढच्या प्रत्येक अभ्यासाला ओलांडावीच लागेल.

कोअरचा १.७ मीटरखालचा भाग शाबूत आहे. दुरुस्त वयांप्रमाणे ४,२०० वर्षांपूर्वीचा काळ आता सुमारे २.१ मीटर खोलीवर येतो, आणि तेथे कांदळ व चिप्पी यांच्या परागकणांत ठळक घट दिसत नाही. यावरून त्या काळी कोकणात अवर्षण पडलेच नाही असे म्हणण्याची घाई एका सहकाऱ्याने केली, पण त्या भागात दहा सेंटिमीटर गाळ साचायला सुमारे चारशे वर्षे लागली आहेत आणि नमुने दहा सेंटिमीटरवरच घेतलेले आहेत, तेव्हा दोनशे वर्षांचे अवर्षण दोन नमुन्यांच्या मधून सहज निसटू शकते. शीतगृहात ठेवलेला कोअरचा उरलेला अर्धा भाग १.९ ते २.३ मीटरदरम्यान आता एकेका सेंटिमीटरने कापला जात आहे, आणि या वेळी कालमापनासाठी त्या पट्ट्यातूनच चार नमुने, चारही पानांचे, बाजूला काढले आहेत.